सीमेवरचा रुग्ण : विमा दोन राज्यांचा, दवाखाना गावाचा

महाराष्ट्र विधिमंडळाने २७ डिसेंबर २०२२ रोजी एकमताने संमत केलेल्या सीमाप्रश्नाच्या ठरावात बेळगाव, कारवार आणि निपाणी यांच्याबरोबर बीदर व भालकी ही नावेही होती. गोव्यात सीमाप्रश्न वाचला जातो तो बहुतेक वेळा बेळगाव आणि कारवारच्या अंगाने; ती शहरे जवळची आणि तिथली माणसे ओळखीची. बीदर जिल्ह्यातला मराठी भाषक या चर्चेत क्वचितच दिसतो. भालकी, औराद, बसवकल्याण या तालुक्यांत मराठी घरांत बोलली जाते, आठवडी बाजारात ऐकू येते आणि तिच्या शेजारी कन्नड, दखनी उर्दू व लंबाणी याही बोली नांदतात. भालकी तालुक्यातील खटकचिंचोळी हे असेच एक होबळीचे, म्हणजे महसुली मंडळाचे गाव. अशा गावातला माणूस आजारी पडला की सीमाप्रश्न त्याच्यासाठी नकाशावर राहत नाही. कोणत्या राज्याचे कार्ड चालेल, कोणत्या भाषेतला कागद वाचता येईल आणि कोणत्या गावचा डॉक्टर भेटेल, अशा रोकड्या प्रश्नांचे रूप तो घेतो.

ठरावाला तीन महिने होत नाहीत तोच सीमावाद आरोग्याच्या दारात येऊन उभा राहिला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ बेळगाव, कारवार, कलबुर्गी आणि बीदर या जिल्ह्यांतील ८६५ सीमावर्ती गावांना देण्याचा निर्णय महाराष्ट्राने घेतला आणि त्यासाठी ५४ कोटी रुपयांची तरतूद केली. मार्च २०२३ मध्ये कर्नाटकचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी त्याला जाहीर विरोध केला आणि ही अंमलबजावणी रोखण्याची भाषा केली. जानेवारी २०२४ मध्ये बेळगाव भागात या योजनेच्या नोंदणी केंद्रांवर कारवाई झाली, तेव्हा वाद पुन्हा पेटला. एका राज्याला ही आपल्या माणसांची काळजी वाटली, तर दुसऱ्याला ती आपल्या हद्दीतली ढवळाढवळ वाटली. दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे होते. परंतु या वादात एक मूलभूत प्रश्न कोणीच विचारला नाही. ज्या रुग्णासाठी हे चालले आहे, त्याला गावात नेमके काय कमी पडते?

विमा कोठे सुरू होतो

फुले योजना असो, वा आयुष्मान भारतशी २०१८ मध्ये जोडली गेलेली 'आरोग्य कर्नाटक' योजना असो, दोन्हींचा गाभा एकच आहे. नोंदणीकृत इस्पितळात दाखल झालेल्या पात्र कुटुंबाच्या उपचारांचा ठरावीक मर्यादेपर्यंतचा खर्च सरकार भरते. हृदयशस्त्रक्रिया, कर्करोग, डायलिसिस यांसारख्या प्रसंगी ही मदत घर वाचवणारी ठरते, यात शंका नाही. तथापि, तिचे काम इस्पितळाच्या दारापासून सुरू होते. त्या दारापर्यंत पोहोचण्याआधी जे घडते किंवा घडत नाही, ते विम्याच्या हिशेबात नसते.

गरोदर बाईचे रक्त चौथ्या महिन्यात तपासले गेले का, तिला लोहाच्या गोळ्या मिळाल्या का आणि मिळालेल्या गोळ्या तिने खाल्ल्या का. रक्तदाबाच्या रुग्णाने बरे वाटू लागल्यावर औषध सोडले तर त्याला कोणी विचारले का. सातव्या दिवशी दूध ओढेनासे झालेले बाळ कोणाच्या नजरेस पडले का. क्षयाच्या रुग्णाने सहा महिन्यांचा उपचार तिसऱ्या महिन्यात थांबवला तर ते कोणाला कळले का. ग्रामीण भागातील आजारपणाचा मोठा वाटा या प्रश्नांच्या उत्तरांत ठरतो. ती उत्तरे शोधायला शल्यविशारदाची गरज नसते. घरी जाणारा, घरातल्यांच्या ओळखीचा, त्यांच्याच भाषेत बोलणारा आणि डॉक्टरपर्यंत निरोप पोहोचवू शकणारा माणूस लागतो. आरोग्यसेवा आणि लोकसंघटना यांच्या भागीदारीचा विषय येतो तो या जागी.

१९५६ ची रेघ आणि माहेरपण

खटकचिंचोळीसारख्या गावात ही गरज अधिक का आहे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची फाळणी झाली, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्याचेही तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि पुढे लातूर जिल्ह्यात आले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात राहिले. एका जिल्ह्यातली माणसे एका रात्रीत दोन राज्यांची झाली. कार्यालये आणि दप्तरे वाटली गेली, परंतु सोयरिकी वाटल्या गेल्या नाहीत. भालकीकडची मुलगी आजही उदगीर, देवणी, निलंग्याकडे दिली जाते आणि तिकडची सून इकडे येते.

आरोग्याच्या दृष्टीने या सोयरिकीचा एक परिणाम मोठा आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत या भागात घट्ट आहे. गरोदरपणाची नोंद सासरच्या राज्यात होते, सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरच्या राज्यात येते, प्रसूती तिथे होते आणि बाळ दोन-तीन महिन्यांचे झाले की दोघेही परत जातात. कर्नाटकात गरोदर मातेला मिळणारे 'तायी कार्ड' कन्नडमध्ये असते आणि महाराष्ट्रातले कार्ड मराठीत. आधीच्या तपासणीत रक्तदाब वाढलेला होता की नाही, ही एका ओळीची माहिती लिपी बदलली की अडकते. लसीकरणाचा पहिला डोस एका राज्याच्या वहीत आणि दुसरा दुसऱ्या राज्याच्या वहीत राहतो. दोन्ही वह्यांत ते बाळ अर्धवट असते आणि त्याचा पाठपुरावा करणे ही कोणाची जबाबदारी, हे स्पष्ट नसते.

बोलण्याची अडचण तुलनेने कमी आहे. या पट्ट्यातले डॉक्टर आणि परिचारिका दखनी-हिंदीत काम भागवतात आणि अनेकांना दोन-तीन भाषा येतात. अडचण लिहिलेल्या शब्दाची आहे. मराठी माध्यमात शिकलेल्या बाईच्या हातात कन्नड चिठ्ठी पडते, तेव्हा वरच्या इस्पितळात का पाठवले, कधी जायचे, कोणती गोळी कधी घ्यायची, हे तिला दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते. आजार खासगी असेल तर ती वाचूनही घेत नाही. भाषेच्या अशा अडचणी या प्रदेशाला नव्या नाहीत. निजामाच्या काळात भालकीच्या हिरेमठ संस्थानाचे चन्नबसव पट्टद्देवरू यांनी बाहेर उर्दू पाटी लावून आत कन्नड शाळा चालवल्याची हकिकत तिथे आदराने सांगितली जाते. आपल्या भाषेत शिकायला मिळावे म्हणून ज्यांनी पाटीआड आसरा शोधला, त्यांच्याच तालुक्यात आपल्या भाषेत औषधाची चिठ्ठी मागणाऱ्याचे म्हणणे परके वाटण्याचे कारण नाही.

कागदावर सर्व काही आहे

लोकांचा सहभाग ही कल्पना सरकारी धोरणाला अपरिचित आहे, असे म्हणता येणार नाही. एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हा तिला देशव्यापी चौकट मिळाली. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा कार्यकर्ती, गावपातळीवर ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती, त्या समितीला वर्षाला दहा हजार रुपयांचा अबंधित निधी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्णकल्याण समिती अशी ती रचना होती. कर्नाटकात या शेवटच्या समितीला 'आरोग्य रक्षा समिती' म्हणतात. पंचायतीचे सदस्य, आशा, अंगणवाडी सेविका, बचत गटांच्या प्रतिनिधी आणि स्थानिक संस्था यांना या समित्यांत जागा आहे. कायद्याने किंवा नियमाने काहीही कमी नाही.

पण बहुतेक गावांत आपण या समितीचे सदस्य आहोत, हे सदस्यांनाच ठाऊक नसते. बैठकीची वही सहीसाठी घरी फिरते. निधी उशिरा येतो आणि वर्षअखेरीस जंतुनाशक पावडर, रंगरंगोटी किंवा खुर्च्यांवर संपतो. प्रतिनिधी म्हणून जे बसतात, ते गावातल्या वजनदार घरांतले असतात. ज्या वस्तीत बाळे दगावतात, त्या वस्तीतले कोणी तिथे नसते. या समित्या मोडीत निघाल्या तरी आरोग्य केंद्राच्या रोजच्या कामात काही फरक पडत नाही, आणि त्या निष्प्रभ असल्याचा याहून ठळक पुरावा दुसरा नाही.

बीदर-कलबुर्गी पट्ट्याला यात एक जादा संधी आहे. डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीने २००२ मध्ये कर्नाटकातील अतिमागास तालुके निश्चित केले, तेव्हा अशा ३९ तालुक्यांपैकी २१ एकट्या गुलबर्गा विभागात निघाले. पुढे राज्यघटनेत कलम ३७१ (जे) घालण्यात आले आणि या विभागासाठी स्वतंत्र विकास मंडळ व निधी आला. २००७ मध्ये बीदरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले होतेच. इमारती, यंत्रे, रस्ते यांत या पैशाचा उपयोग दिसतो. परंतु इमारत आणि घर यांच्यामधले अंतर भरून काढणारा माणूस उभा करायला लागतो तो पैसा त्या मानाने किरकोळ असतो, आणि किरकोळ रकमेच्या कामाचे उद्‌घाटन होत नसल्याने ते मागे पडते.

शेजारी घडलेले प्रयोग

भागीदारी प्रत्यक्षात कशी चालते, हे पाहण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला परिचारिकांना खेड्यांत पाठवून पाहिले आणि ते टिकले नाही. मग गावांनीच निवडलेल्या स्त्रियांना शिकवण्याचा मार्ग घेतला गेला. त्यांतल्या अनेक जणी निरक्षर होत्या आणि अनेक दलित समाजातल्या होत्या. त्या ठरलेल्या दिवशी जामखेडला येत, शिकत आणि शिकलेले गावी जाऊन सांगत. त्यांच्या पाठीशी शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे उभी राहिली. पिण्याचे पाणी, पोषण, बाळंतपण आणि अस्पृश्यता हे प्रश्न वेगळे करता येत नाहीत, हे तिथे कामातून उमगले. १९७१ मध्ये या भागात बालमृत्यूचे प्रमाण हजारी १७६ होते. पुढच्या तीन दशकांत ते तिशीच्या खाली आले. १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा काढला, तेव्हा ज्या प्रयोगांकडे जगाचे लक्ष होते, त्यांत जामखेड होते. दुसऱ्याच वर्षी आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीचा पुरावा त्याहून नेमका आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी तपासणी, ऊब, स्तनपान आणि जंतुदोष ओळखून त्यावर औषध देणे शिकवले. 'लॅन्सेट'मध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या तुलनेत या गावांतील नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले. २०११ मध्ये हीच पद्धत आशांमार्फत देशभर स्वीकारली गेली. आज कर्नाटकातली आशा बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जाते, त्या फेऱ्यांचे मूळ गडचिरोलीत आहे.

भालकीच्या दृष्टीने सर्वांत जवळचे उदाहरण धाराशिव जिल्ह्यातील अणदूरचे. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या या गावी डॉ. शशिकांत अहंकारी आणि सहकाऱ्यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशन उभे केले आणि खेड्यांतल्या स्त्रियांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने सुमारे दहा हजार माणसे घेतली, त्या काळात हा सगळा पट्टा होरपळला होता. बाहेरची मदत येते आणि जाते, गावात राहणारा प्रशिक्षित माणूस मात्र राहतो, हा त्या आपत्तीचा धडा होता. हाच रस्ता उमरग्याच्या पुढे कर्नाटकात शिरतो. जमीन तीच, पिके तीच, घरांतली बोलीही बरीचशी तीच. जे अणदूरच्या परिसरात जमले, ते सीमेच्या पलीकडे जमू नये असे कोणतेही कारण मातीत किंवा माणसांत नाही.

या प्रयोगांचे एक दुसरे अंगही आहे. २००७ मध्ये नऊ राज्यांत 'लोकाधारित देखरेख' सुरू झाली. त्यांत महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही होते, आणि महाराष्ट्राच्या पहिल्या पाच जिल्ह्यांत तेव्हाचा उस्मानाबाद होता. गावकऱ्यांनी आरोग्य केंद्राच्या कामाचे प्रगतिपत्रक भरायचे, चांगल्याला हिरवा, बऱ्याला पिवळा आणि वाईटाला लाल रंग द्यायचा, मग जनसुनवाईत डॉक्टर व अधिकाऱ्यांसमोर ते वाचायचे, अशी तिची रीत. पहिल्या सभांत वातावरण तापायचे. पुढे अनेक केंद्रांवर डॉक्टरांनाच लक्षात आले की, औषधांचा तुटवडा आणि रिकामी पदे ही आपली तक्रार लोकांच्या तोंडून वर गेली, तर तिची दखल लवकर घेतली जाते. प्रश्न विचारणारे गाव हे डॉक्टरचे बळही होऊ शकते, हा या पद्धतीचा महत्त्वाचा निष्कर्ष होय.

गोव्याचा आरसा

गोमंतकीय वाचकाने हे सर्व दूरच्या मागास भागाचे वर्णन म्हणून वाचू नये. गोव्याची आरोग्ययंत्रणा देशातल्या चांगल्या यंत्रणांत गणली जाते. अंतरे कमी, आरोग्य केंद्रे जवळ आणि बांबोळीचे गोमेकॉ कोणत्याही तालुक्यातून काही तासांच्या आत गाठता येते. तरीही, आशा योजना देशभर पसरली तेव्हा गोवा तिच्याबाहेर राहिला. इस्पितळ जवळ असल्याने घरी जाणाऱ्या कार्यकर्तीची गरज कमी भासली. पण इस्पितळ जवळ असले, म्हणजे माणूस तिथे जातोच असे नाही. मनाच्या आजारात तर नाहीच.

१९९६ मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या 'संगात' या संस्थेने हेच दाखवून दिले. नैराश्य आणि चिंताविकार असलेले लोक सरकारी आरोग्य केंद्रात अंगदुखी, झोप न येणे, अशक्तपणा अशा तक्रारी घेऊन येतात आणि गोळ्या घेऊन परततात, हे तिच्या संशोधकांना ठाऊक होते. 'मानस' या अभ्यासात मानसोपचाराची पदवी नसलेले, थोडक्या काळात प्रशिक्षित केलेले समुपदेशक १२ सरकारी आरोग्य केंद्रे आणि १२ खासगी दवाखाने यांपैकी निम्म्या ठिकाणी बसवले गेले. त्यांच्या मागे डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ होते. २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, सरकारी केंद्रांत समुपदेशक असलेल्या ठिकाणी सहा महिन्यांनी सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झाले होते, तर नेहमीच्या पद्धतीत सुमारे ४२ टक्के. खासगी दवाखान्यांत तसा फरक आढळला नाही. याचा एक सरळ अर्थ असा लावता येतो की, ओळखीच्या खासगी डॉक्टरकडे रुग्णाला जे बोलणे आणि ऐकले जाणे आधीच मिळत होते, ते गर्दीच्या सरकारी केंद्रात नव्हते; समुपदेशकाने ती जागा भरून काढली.

गोव्याला सीमेचा रुग्णही परका नाही. १ जानेवारी २०१८ पासून गोमेकॉत परराज्यांतील रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्गात, मोठे आंदोलन झाले. आपल्या कराच्या पैशावर आपल्या लोकांचा पहिला हक्क, हा गोव्याचा युक्तिवाद चुकीचा नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या बांबोळीला येणाऱ्या दोडामार्गच्या माणसाला वाटलेला धक्काही खोटा नव्हता. गोवा त्या वेळी ज्या बाजूला उभा होता, त्या बाजूला बीदरच्या प्रश्नात कधी कर्नाटक असते, कधी महाराष्ट्र. शिवाय, उत्तर कर्नाटकातून कामासाठी आलेली हजारो कुटुंबे गोव्याच्या बांधकामांवर आणि वस्त्यांत राहतात. त्यांच्या गर्भवतींचे कन्नड कार्ड गोव्याच्या आरोग्य केंद्रात येते, तेव्हा भालकीतली अडचण इथे, उलट्या दिशेने उभी राहते.

चार गोष्टी, ज्यांना निकालाची वाट पाहावी लागत नाही

महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या सीमादाव्याचा निकाल कधी लागेल, हे कोणी सांगू शकत नाही. परंतु खटकचिंचोळीसारख्या गावात आरोग्यसेवा सुधारण्यासाठी त्या निकालाची गरज नाही.

पहिली गोष्ट कार्डाची. सीमावर्ती तालुक्यांत माता-बाल कार्ड, वरच्या इस्पितळात पाठवण्याची चिठ्ठी आणि औषधांच्या सूचना कन्नड व मराठी दोन्हींत छापता येतात. राज्यभाषेला त्याने बाधा येत नाही. एका पानावर दोन रकाने वाढतात, इतकेच. छपाई होईपर्यंत आशा आणि बचत गटातल्या दोन्ही लिपी वाचणाऱ्या स्त्रियांनी चिठ्ठी वाचून समजावण्याचे काम मानधनावर करावे.

दुसरी गोष्ट माहेरवाशिणींच्या नोंदीची. क्षयरोगाच्या बाबतीत देशाने हा प्रश्न सोडवला आहे. 'नि-क्षय' प्रणालीत रुग्णाला मिळणारा क्रमांक राज्य बदलले तरी चालतो आणि त्याचा उपचार एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करता येतो. गर्भवती आणि बाळाच्या बाबतीत तेवढे होईपर्यंत भालकी आणि देवणी-निलंगा-उदगीर येथील तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून ये-जा करणाऱ्या गर्भवतींची यादी एकमेकांना दिली, तरी पुष्कळ साधेल. तिकडे गेलेली आपली मुलगी कोणत्या महिन्यात आहे, हे माहेरच्या गावातल्या महिला मंडळाला सरकारी संगणकाआधी कळते. त्या माहितीला अधिकृत जागा देणे, हे खऱ्या भागीदारीचे काम.

तिसरी गोष्ट समितीच्या हिशेबाची. दहा हजार रुपये कशावर खर्च झाले, आरोग्य केंद्रात या तिमाहीत कोणती औषधे नव्हती, रुग्णवाहिका किती वेळा आली नाही, हे ग्रामसभेत दोन्ही भाषांत वाचून दाखवले जावे. वर्षातून एकदा जनसुनवाई व्हावी. समितीत किमान निम्म्या जागा, ज्या वस्त्या दवाखान्यापासून दूर आहेत, त्या वस्त्यांतल्या स्त्रियांना मिळाव्यात. जामखेडने निवडलेल्या स्त्रिया गावाच्या पायरीवर सर्वांत खाली होत्या. त्यांना सगळ्या घरांत प्रवेश मिळायला वेळ लागला, पण ज्या घरांत मृत्यू जास्त होते तिथे त्या पहिल्या दिवसापासून पोहोचत होत्या.

चौथी गोष्ट स्थानिक संस्थांच्या वाट्याची. या भागात मठ आहेत, दर्गे आहेत, भजनी मंडळे, बचत गट आणि सहकारी संस्था आहेत. त्यांची नेहमीची मदत म्हणजे वर्षातून एक शिबिर, फलक आणि छायाचित्र. शिबिरात साखर वाढलेली आढळलेल्या माणसाला पुढच्या महिन्यात गोळी कोण देणार, हे ठरलेले नसेल, तर त्या तपासणीचा उपयोग त्याला भीती घालण्यापलीकडे होत नाही. त्याऐवजी एका संस्थेने क्षयरुग्णांच्या पोषणाची जबाबदारी घ्यावी, दुसरीने डायलिसिसला जाणाऱ्यांच्या वाहनाची, तिसरीने रक्तदाबाच्या रुग्णांच्या मासिक भेटीची. आणि प्रत्येकाची नोंद आरोग्य केंद्राच्या वहीत असावी.

आक्षेपांचा विचार

या मार्गावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही गंभीर आहेत. संस्था पुढे आल्या की सरकार मागे सरकते, हा पहिला. कर्नाटकाला याचा अनुभव आहे. १९९६ मध्ये चामराजनगर जिल्ह्यातील गुंबळ्ळीचे प्राथमिक आरोग्य केंद्र डॉ. एच. सुदर्शन यांच्या करुणा ट्रस्टकडे चालवायला दिले गेले आणि ते चांगले चालले. परंतु अशा प्रयोगाचे यश चालवणाऱ्याच्या सचोटीवर अवलंबून राहते आणि सचोटीचा शासन निर्णय काढता येत नाही. म्हणून केंद्र सरकारचेच राहावे, डॉक्टरांची पदे सरकारनेच भरावीत आणि संस्थांनी केंद्र व घर यांच्यामधले काम करावे, ही विभागणी अधिक सुरक्षित ठरते.

दुसरा आक्षेप आशांच्या ओझ्याचा. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. त्याच आशांना मानधनासाठी कर्नाटकात आणि महाराष्ट्रात वारंवार रस्त्यावर उतरावे लागले आहे. समाजाचा सहभाग या सुंदर शब्दाआड गरीब बायकांचे फुकट श्रम लपवले जात असतील, तर ती भागीदारी म्हणवून घेण्यास पात्र नाही. वर सुचवलेले प्रत्येक काम कोणाच्या तरी वेळेतून येणार आहे. त्या वेळेची किंमत अंदाजपत्रकात लिहिली गेली पाहिजे. मागास भागासाठी घटनेने खास तरतूद केलेल्या विभागात त्यासाठी पैसा नाही, हे कारण पटणारे नाही.

दोन राज्यांनी सीमावासीयांना कार्डे जरूर द्यावीत; एकाने दिले म्हणून दुसऱ्याने काढून घेऊ नये, एवढे भान राखले तरी पुरे. परंतु कार्ड हा आरोग्यसेवेचा शेवटचा टप्पा आहे. पहिला टप्पा भालकीचे आणि देवणीचे अधिकारी एका टेबलाभोवती बसले की सुरू होऊ शकतो. त्या बैठकीला मुंबई-बेंगळूरुच्या परवानगीपेक्षा एका आरोग्य अधिकाऱ्याची इच्छा आणि दोन गावांच्या महिला मंडळांचा रेटा अधिक उपयोगी पडेल. गोव्यात पेडणे आणि दोडामार्ग, काणकोण आणि कारवार यांच्यामध्येही अशा बैठका व्हायला हरकत नाही. तिथेही सोयरिकी आहेत आणि तिथेही बाळंतिणी माहेरी जातात.